एकट्याचा जमाखर्च
(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नव्या पेठेत एखाद्या चहाच्या टपरीपाशी घटकाभर उभे राहिले, तर तरुणांच्या बोलण्यात एक विषय हटकून कानी पडतो. कॉटला किती पडतात, मेस कितीला लागली, घरून पैसे आले का, आणि महिन्याकाठी सगळे मिळून किती लागतात. ह्या चौकशीत कुतूहल असते, तुलना असते, आणि थोडा संकोचही असतो. ज्याला कमी पुरतात तो आपली काटकसर सांगतो. ज्याला अधिक लागतात तो महागाईला बोल लावतो. हिंजवडीच्या कचेऱ्यांत आणि चाकणच्या कारखान्यांच्या दारांतही हेच संभाषण चालते. फरक असतो तो आकड्यांचा.

एकटा जीव, एका महिन्याची मिळकत आणि एका महिन्याचा खर्च, ह्यात अर्थशास्त्र ते काय असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु ह्या सरळ दिसणाऱ्या हिशेबातच एक मोठी गफलत दडलेली आहे. एकट्या तरुणाचा जमाखर्च हा बहुधा एकट्याचा नसतो. त्याच्या जमेच्या बाजूला किंवा खर्चाच्या बाजूला एक कुटुंब उभे असते. आणि ते कोणत्या बाजूला उभे आहे, ह्यावर त्या तरुणाची पुढली दहा-पंधरा वर्षे अवलंबून असतात. ही गोष्ट तरुणांना अनुभवाने ठाऊक असते. सरकारी कागदपत्रांना मात्र ती अजून पुरती उमगलेली दिसत नाही, आणि तरुणांना बचतीचे उपदेश करणाऱ्या मंडळींना तर मुळीच नाही.

कुटुंबांचे जमाखर्च गोळा करण्याची आपल्याकडील परंपरा लहान नाही. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१–२२ मध्ये गिरणगावातील व इतर कष्टकऱ्यांचे जमाखर्च तपासले आणि फिंडले शिरास ह्यांनी तयार केलेला अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे पुरुष, एवढ्यांचे हिशेब त्यात आहेत. एकट्या पुरुषांचे हिशेब निराळे घ्यावेत, ही त्या काळच्या पाहणीकारांची सूझ विशेष म्हटली पाहिजे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार खाणावळीत जेवत होता, दहा-बारा जणांत एक खोली वापरत होता आणि गावी मनिऑर्डर धाडीत होता. त्याचे पोट मुंबईत आणि त्याचा संसार रत्नागिरीत किंवा साताऱ्यात. तो एकटा दिसत असला तरी एकटा नव्हता, हे कोणाही पाहणाऱ्याला कळण्यासारखे होते.

त्या अहवालातील कुटुंबांची सरासरी मासिक मिळकत सुमारे ५२ रुपये भरली. त्यातले ५६.८ टक्के अन्नावर जात आणि भाड्यावर ७.७ टक्के. सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्जाचा बोजा अडीच महिन्यांच्या मिळकतीइतका होता. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर तेव्हा सर्रास चाले. म्हणजे दरसाल दरशेकडा ७५. भाड्याचा आकडा लहान दिसतो त्याचे कारण घर स्वस्त होते असे नव्हे. घर नव्हतेच, एका खोलीचा एक तुकडा होता.

आता आजच्या तरुणांकडे वळू. पुढील तीन हिशेब कोणा एका व्यक्तीचे नाहीत. पुणे परिसरातील सर्वसाधारण दर समोर ठेवून बसविलेली ती ठोकळ उदाहरणे आहेत. आकडा शंभर-दोनशेंनी इकडेतिकडे झाला तरी मुद्दा बदलणार नाही.

पहिला तरुण बीड किंवा परभणी जिल्ह्यातून आलेला, पदवीधर, राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करणारा. कॉटचे ३,००० रुपये, दोन वेळच्या मेसचे ३,०००, चहा-नाश्त्याचे ९००, अभ्यासिकेचे १,०००, मोबाइलचे ३००, पुस्तके, झेरॉक्स, सराव-चाचण्या आणि परीक्षांचे अर्ज ह्यांचे ८००, प्रवास, साबण व किरकोळ औषधपाणी ह्यांचे ५००. बेरीज ९,५०० रुपये. क्लासची फी ह्यात धरलेली नाही. जमेच्या बाजूला त्याची स्वतःची कमाई शून्य आहे. हे ९,५०० रुपये सोयाबीनच्या किंवा कापसाच्या पट्टीतून, आईच्या रोजगारातून, नाहीतर धाकट्या भावाने शिक्षण सोडून धरलेल्या कामातून येतात.

दुसरा तरुण आय.टी.आय. झालेला, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागलेला. जादा काम धरून त्याच्या हातात १५,००० रुपये पडतात. चौघांच्या खोलीतला त्याचा वाटा विजेसह १,७५०, जेवणाचे ३,२००, कारण एक वेळ कारखान्याच्या उपाहारगृहात भागते, मोबाइलचे ३००, मोटारसायकलचा हप्ता २,६००, पेट्रोल १,०००, इतर ६५०, आणि गावी पाठविण्याचे ५,०००. बेरीज १४,५००. महिनाअखेर पाचशे रुपये उरतात. परंतु २४० दिवसांची सलग सेवा पूर्ण होऊ न देण्याची कंत्राटदारांची जुनी क्लृप्ती त्याच्याही वाट्याला आली, तर वर्षातला एखादा महिना बिनपगारी जातो आणि ते पाचशेही उरत नाहीत. रात्रपाळी सुटल्यावर त्याच्या खोलीच्या दिशेने बस नसते, म्हणून मोटारसायकल. तिला चैन म्हणणाऱ्याने एकदा त्या रस्त्याने पहाटे चालून पाहावे.

तिसरी तरुणी अभियंता. हिंजवडीतील संगणक कंपनीत दोन वर्षांपूर्वी लागलेली, वार्षिक वेतन साडेतीन लाख, प्रत्यक्ष हातात सुमारे २५,०००. ही साडेतीन लाखांची पायरी म्हणजे संगणक व्यवसायातील एक नवलच आहे. नवशिक्या अभियंत्याला मोठ्या कंपन्या दहा-पंधरा वर्षांपूर्वी जवळपास हेच देत होत्या. इकडे भाडे, भाजी, पेट्रोल, शिक्षण सगळे चढले. ती पायरी मात्र फारशी हलली नाही. मुलींच्या पी.जी.त जेवणासह ९,५००, प्रवास २,०००, मोबाइल ७००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५,५००, कपडे, बाहेरचे खाणे, सिनेमा मिळून ३,५००, बचतीचे १,५००, घरी २,०००. बेरीज २४,७००. तिच्या प्रवासखर्चात एक बाब पुरुषांच्या हिशेबात सहसा न येणारी असते. उशिरा सुटल्यावर रिक्षाच करावी लागते. आणि फाटकाला कुलूप लावणारी, म्हणूनच घरच्यांना सुरक्षित वाटणारी जागा तिला शंभर स्वस्त जागा नाकारून घ्यावी लागते. ही किंमत कोणत्याही पावतीवर निराळी लिहिलेली नसते.

अशा तरुणांना आज जो उपदेश सर्वत्र ऐकावा लागतो, त्याचे एक सूत्र आहे. मिळकतीचे पन्नास टक्के गरजांवर, तीस टक्के इच्छांवर आणि वीस टक्के बचतीत. हे सूत्र एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरेन त्यागी ह्यांनी २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने लोकप्रिय केले. वॉरेनबाई तेव्हा हार्वर्डमध्ये दिवाळखोरीच्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या. पुढे त्या सिनेटर झाल्या. गंमत अशी की, त्याच मायलेकींनी २००३ साली आणखी एक पुस्तक लिहिले होते, आणि त्यात त्यांनी असे दाखविले होते की अमेरिकन मध्यमवर्गीय कुटुंबे उधळपट्टीमुळे दिवाळखोर होत नाहीत. घर, आरोग्य, शिक्षण ह्यांसारख्या टाळता न येणाऱ्या खर्चांनी ती बुडतात. सूत्र जगभर गेले. निदान मात्र मागेच राहिले. भारतात तर ते सूत्र एखाद्या पंचांगातील मुहूर्तासारखे वापरले जाते.

ते आपल्या तिघांना लावून पाहू. पहिल्याची मिळकतच नाही, त्यामुळे टक्के कशाचे काढायचे, हा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या गरजांचा, म्हणजे खोली, जेवण, मोबाइल, हप्ता व पेट्रोल ह्यांचा, खर्च ८,८५० रुपये, म्हणजे मिळकतीच्या ५९ टक्के. येथवर सूत्र थोडे ताणले तर बसेल. पण गावी जाणारे ५,००० रुपये, मिळकतीचा तिसरा हिस्सा, कोणत्या रकान्यात घालावयाचा? ती गरज आहे, इच्छा आहे, की बचत? सूत्रात त्याला जागाच नाही. जेथे म्हातारपणीच्या पेन्शनची काही एक व्यवस्था आहे आणि आईबाप मुलाच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसत नाहीत, त्या समाजाचे ते सूत्र आहे. तिसरीच्या इच्छांवर ३,५०० खर्च होतात, म्हणजे १४ टक्के. सूत्राने तिला तीस टक्क्यांची मुभा दिलेली आहे. तिने सिनेमा सोडावा, बाहेरची कॉफी सोडावी, म्हणजे घर होईल, असे तिला सांगणाऱ्यांनी गुणाकार करून पाहिलेला नाही.

तो गुणाकार येथे करून टाकावा. त्याच कचेरीत, त्याच वेतनावर, तिच्या शेजारी बसणारा दुसरा एक अभियंता समजा कोथरूडला आईवडिलांच्या घरी राहतो. त्याला भाडे नाही, कर्जाचा हप्ता नाही; कारण फी वडिलांनी भरली. प्रवास २,३००, मोबाइल ७००, कपडे-सिनेमा-बाहेरचे खाणे अगदी तिच्याइतकेच ३,५००, आणि घरखर्चाला म्हणून आईच्या हाती २,५००. एकूण ९,०००. महिन्याला १६,००० शिल्लक. पाच वर्षांत व्याज न धरता ९ लाख ६० हजार. तिची बचत आणि शिल्लक मिळून महिन्याला १,८००. पाच वर्षांत १ लाख ८ हजार. तिने सिनेमा, कपडे, बाहेरचे खाणे सगळे पाच वर्षे वर्ज्य केले तरी ३ लाख १८ हजार. दोघांची बुद्धी सारखी, काम सारखे, वेतन सारखे, आवडीनिवडीही सारख्या. साडेआठ लाखांचा फरक आला तो आदल्या पिढीच्या घरातून. तिशीत एकाच्या हाती घराची पहिली रक्कम असेल आणि दुसरीच्या हाती कर्ज फिटल्याचा दाखला. मग कोणीतरी म्हणेल की मुलगा मोठा हिशेबी निघाला!

समाजवादी चळवळीने समान कामाला समान वेतन ही मागणी आयुष्यभर मांडली, आणि ती योग्यच होती. परंतु समान वेतन दोन असमान घरांत गेले म्हणजे त्याचे काय होते, ह्याचा विचार त्या मागणीच्या पुढचा आहे. आणि ज्या घरांकडे जमीन किंवा पेन्शन नाही, शहरात स्वतःची भिंत नाही, ती घरे कोणत्या जातींची आणि कोणत्या जिल्ह्यांची, हे महाराष्ट्रात कोणाला निराळे सांगावयास नको. भाड्याने खोली विचारताना आडनाव विचारले जाते, हाही जमाखर्चाचाच भाग होय; नकार मिळत मिळत जी खोली अखेर हाती येते, ती बहुधा महाग तरी असते नाहीतर लांब तरी.

ह्या पार्श्वभूमीवर शासन तरुणाचा महिना कसा मोजते, ते पाहण्यासारखे आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात २०१६–१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. योजना चांगली, आणि ती मिळवण्यासाठी विद्यार्थी संघटनांनी धडपड केली, हेही खरे. मुंबई, पुणे, नागपूर ह्यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला भोजनभत्ता ३२,०००, निवासभत्ता २०,००० आणि निर्वाहभत्ता ८,०००, असे ६०,००० रुपये तिच्यात ठरले. म्हणजे महिन्याला ५,०००. त्यातले अन्नाचे व निवाऱ्याचे मिळून ४,३३३. पहिल्या तरुणाची तीच कॉट आणि तीच मेस एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने घेतली तर त्याला ६,००० लागतात. चहाचा घोट घेण्याआधीच १,६६७ रुपयांचा खड्डा पडतो. तो कोणी भरावयाचा, ह्याविषयी शासननिर्णय मौन बाळगतो. भरणारी असते ती मजुरीला जाणारी आई. शिवाय भत्त्याचे हप्ते वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार आलेल्या आहेत; मेस चालविणारी बाई मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागते, आणि तिने मागावेतच, कारण तिला गॅसचे सिलिंडर उधारीवर मिळत नाही.

सात वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आखण्यात आली. मोठ्या शहरांसाठी तिच्यातही ६०,००० रुपयेच धरले गेले, त्याच तीन तुकड्यांत. मधल्या सात वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे चाळीस टक्क्यांनी चढला होता. २०१६ च्या साठ हजारांची किंमत राखायची तर २०२३ मध्ये ८४,००० रुपये हवे होते. ह्याच अवधीत केंद्रीय नोकरांचा महागाईभत्ता जानेवारी २०१६ च्या शून्यावरून जानेवारी २०२४ मध्ये मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवर गेला. वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून वाढ होते; त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागत नाही. निवृत्त प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनालाही तीच सवलत आहे, आणि तिच्याविरुद्ध कोणा निवृत्त प्राध्यापकाने अद्याप लेख लिहिल्याचे ऐकिवात नाही. नोकराच्या पोटाला निर्देशांक लागू होतो. मग विद्यार्थ्याच्या पोटाला तो का नाही?

आणखी एक सरकारी आकडा. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास महिना ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. आपल्या गावातच प्रशिक्षण मिळाले तर ही रक्कम उपयोगाची. पण दुसऱ्या शहरात जावे लागले तर बारावी झालेल्या मुलीला सहा हजारांत कॉट आणि मेस एवढेच येते. प्रशिक्षणाच्या जागेपर्यंत जाण्याचे भाडे पुन्हा घरूनच.

हे आकडे ठरविताना कोणते तरुण अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असतात? शंका येते की सरासरी नावाचा एक माणूस असतो. केंद्राच्या २०२३–२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी भागाचा दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आला आणि ग्रामीण भागाचा ४,१२२. पाहणी मोठी आणि कष्टाची आहे. तिच्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. पण दरडोई ह्या शब्दात पाळण्यातले मूल आहे, आजी आहे आणि चोवीस वर्षांचा धडधाकट मुलगाही आहे. शहरी खर्चात भाड्याचा हिस्सा सुमारे ६.६ टक्के निघतो, म्हणजे माणशी महिना ४६० रुपये. पुण्यात ४६० रुपयांत कॉट तर सोडाच, कॉटवरची गादी तरी मिळेल काय? आकडा खोटा नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे भाडे शून्य आणि भाडेकऱ्याचे तीन हजार. दोन्ही मिसळले की असे होते. अशा पाहण्यांच्या नियमाप्रमाणे वसतिगृहात किंवा खाणावळीत राहणारी व्यक्ती हे स्वतंत्र एकसदस्य कुटुंब धरले जाते. म्हणजे तरुण मोजला जातो खरा, पण एकटा म्हणून मोजला जातो, आणि मग कोट्यवधींच्या सरासरीत विरघळून जातो. १९२१ च्या पाहणीने त्या ६०३ जणांना निदान वेगळी पाने दिली होती.

वेतनाच्या मोजमापातही अशीच एक रिकामी जागा आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचा निकष ठरविला: कमावत्यामागे तीन उपभोग-घटक, डॉ. आयक्रॉइड ह्यांच्या शिफारशीप्रमाणे उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या बाबींना वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण, लग्नकार्य ह्यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालावी असे सांगितले. हा निकष म्हणजे भारतीय कामगार चळवळीची मोठी कमाई होय आणि त्याला धक्का लागता कामा नये. तथापि त्या तीन घटकांत नवरा, बायको आणि दोन मुले आहेत. आईबाप नाहीत. बावीस वर्षांच्या कामगाराला बायकामुले अजून नसतात, पण आईबाप असतात. निकषातले कुटुंब त्याच्या पुढे दहा वर्षांनी उभे राहणार. आजचे कुटुंब निकषात नाही. मालक मात्र सोयीने म्हणतो, पोरगा एकटा आहे, त्याला इतके कशाला हवे?

जमेची बाजू अशी तोकडी पडली म्हणजे मधली फट कर्जाने भरते. आज त्यासाठी पठाणाची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर बोट ठेवले की पैसे येतात. ह्या ॲपवाल्या सावकारीला लगाम घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण वैयक्तिक कर्जांवरील जोखीम-भारांक १०० वरून १२५ टक्के केला. बँका सुरक्षित राहाव्यात ह्या दृष्टीने ते ठीकच झाले. पण तरुण कर्ज काढतो ते कशासाठी, हा प्रश्न बँकेच्या ताळेबंदात उमटत नाही. पुष्कळदा तो खोलीची अनामत भरण्यासाठी, बहिणीच्या बाळंतपणासाठी किंवा दोन नोकऱ्यांमधला महिना काढण्यासाठी कर्ज काढतो.

परीक्षार्थींच्या बाबतीत आणखी एक खर्च आहे. तो कोणी लिहून ठेवत नाही. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ चीही तारीख ऐन तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर ती २१ मार्चला झाली. साथीचा काळ होता, हे मान्य. टाळेबंदीत पुष्कळ मुले गावी गेली होती, हेही खरे. तरी पहिल्या तरुणाच्या दराने एका महिन्याची दिरंगाई म्हणजे ९,५०० रुपये, आणि ते एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून. परीक्षेचे वेळापत्रक पाळणे हा प्रशासकीय शिस्तीचा प्रश्न मानला जातो. खरे पाहता तो गरीब घरांवरील कर कमी करण्याचा प्रश्न आहे.

हा सगळा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी पूर्वी माधुकरी मागून आणि वार लावून शिकत. त्या व्यवस्थेचे पुष्कळ गोडवे गायिले गेले आहेत. तिचे दार कोणत्या जातींना उघडे होते, एवढे विचारले की गोडवा ओसरतो. त्या बंद दाराला उत्तर म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुले राबत होती, एकत्र जेवत होती, आणि मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे ह्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. ह्या सर्वांनी विद्यार्थ्याच्या हाती रोख रक्कम ठेवून त्याला बाजारात सोडले नाही. त्यांनी निवारा आणि अन्न ह्या दोन बाबी त्याच्या जमाखर्चातूनच उचलून घेतल्या.

आजच्या शासनाने नेमके उलटे केले आहे. वसतिगृहाची खाट देता येत नाही म्हणून भत्ता. आणि भत्ता हाती पडला की तो थेट कॉटवाल्या घरमालकाच्या खिशात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांतील एकेका खोलीत सहा-सहा कॉटा टाकून जे भाडे निघते, ते कुटुंबाला खोली देऊन कधी निघाले नसते. भत्ता वाढला म्हणजे कॉटही वाढेल, ही भीती म्हणूनच खोटी नाही. भत्ता निर्देशांकाशी जोडणे ही तातडीची गोष्ट झाली. वसतिगृहांच्या खाटा वाढविणे हे तिच्यामागचे खरे काम. आणि जेवणाचे काय करावे, ह्याचा एक धडा गिरणगावाने दिलेला आहे. गिरणीकामगारांना महिनाभर उधार जेवू घालून स्वतः सावकाराच्या व्याजात पिचणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकांची दारे उघडली. जेवणाऱ्याचा खर्च आणि वाढणारीची मिळकत हे एकाच ताटाचे दोन हिशेब आहेत, हे त्या मंडळाने ओळखले होते. पेठांतल्या आणि चाकणच्या मेस आज बहुतांशी अशाच बायका चालवितात.

अभ्यासवर्गातील तरुणांना एक काम करता येण्यासारखे आहे. प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या दहा जणांचे, नावे न लिहिता, सहा महिन्यांचे जमाखर्च टिपावेत. खोली, मेस, मोबाइल, प्रवास हे रकाने कोणीही आखील. त्यांच्याआधी दोन रकाने असावेत: ह्या महिन्यात घरून किती आले, आणि घरी किती गेले. त्यांच्या शेजारी तिसरा: आलेले पैसे घरात कोणत्या कामातून, कोणाच्या हातून आले. सहा महिन्यांनी हे कागद एकत्र करून वसतिगृहांच्या मागणीबरोबर समाजकल्याण खात्याकडे न्यावेत. मेस बंद असलेल्या दिवशी रात्री काय खाल्ले, हेही विचारून ठेवावे. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात.